नागोरावांनी खुडलेला करपा

ज्या साली देशाने जगासाठी दारं उघडली, त्याच साली नागोराव विदर्भातल्या वणीहून पुण्याला आले. देशाचं त्यांना बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचून कळलं. त्यांच्यासाठी उघडलं होतं ते कात्रजच्या अलीकडच्या एका कृषी संशोधन संस्थेचं मागचं फाटक, आणि तेही एकोणनव्वद दिवसांपुरतं. रोजंदारीवरच्या माणसाचे सलग नव्वद दिवस भरले तर तो कायम करा म्हणून मागे लागेल, ही संस्थेची भीती. त्यामुळे एकोणनव्वदाव्या दिवशी संध्याकाळी कारकून खिडकीतून सांगायचा, "उद्या खंड." म्हणजे उद्या तुम्ही नोकरीत नाही. परवा या, नवीन माणूस म्हणून. अशा रीतीने नागोराव बारा वर्षांत अठ्ठेचाळीस वेळा नवीन माणूस झाले होते.

खंडाच्या दिवशीही ते यायचेच. कपाशीच्या फुलाला खंड कळत नाही. नागोरावांचं काम संकराचं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्या, पुंकेसर सगळं टोपीसारखं उपसून काढायचं. मधल्या स्त्रीकेसराला मात्र ओरखडासुद्धा जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून त्यावर फिरवायचा, आणि ज्या झाडाला हात लावला त्याला लाल दोरा बांधायचा. हा दोरा नागोरावांच्या हाडात मुरला होता. घरी बायकोच्या, यमुनाबाईंच्या, तुळशीची मंजिरी खुडली तरी त्यांचा हात खिशात जायचा. बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या दारात उभी असलेली ती तुळस लाल दोऱ्यांनी एवढी नटली होती, की शेजारणी तिला नवस बोलून जायच्या.

चीर देण्यासाठी त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख अर्धा इंच वाढवलं होतं. त्यावर मुलाचा, शुभंकरचा, राग. तो हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि त्याला न्यायला कंपनीची बस यायची.

"बाबा, ते नख कापा ना. लोक काय म्हणतील?"

"तुह्या गळ्यातल्या पट्ट्याले लोक काही म्हणतेत का?" नागोराव विचारायचे.

हे विचारताना ते त्या पट्ट्याकडे जरा जास्त वेळ पाहायचे. निळा पट्टा, त्याला फोटोचं कार्ड. पोरगं सहा महिन्यांत कायम झालं होतं. बापाच्या खिशात मात्र अजून पुठ्ठ्याचा पास होता आणि त्यावर फोटोच्या जागी गोंद. गावाकडे साळे विचारायचे, "भाऊजी, नोकरी सोताची हाय का भाड्यानं आणली?" बारा वर्षं या प्रश्नावर नागोरावांनी हसून वेळ मारून नेली होती. आता त्यांना एकदाच, एकाच कागदावर, 'कायम' हा शब्द पाहायचा होता.

तो कागद होता श्रीनिवास सरांच्या टेबलावर.

श्रीनिवास सर कापूस विभागाचे प्रमुख. माणूस नारायण पेठेतला. लहानपणी त्यांनी कापूस पाहिला तो वातींच्या पुडीत, त्यामुळे कापूस आपोआप पांढरा आणि स्वच्छ असतो असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. स्वच्छतेचं त्यांना वेड. प्रयोगाच्या शेताच्या तोंडाशी त्यांनी स्वहस्ते पाटी लिहून लावली होती: 'येथे थुंकू नये. थुंकणाऱ्याच्या घराण्यातील दोष गृहीत धरला जाईल.' जेवण झाल्यावर सर स्वतः एक पान जमवत आणि पाठीमागे हात बांधून कपाशीच्या ओळींतून शतपावली करत. जाताना त्यांचा गाल फुगलेला असे, येताना नसे. मधे काय होत होतं, हे संस्थेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

दोन हजार तीन सालचा पावसाळा संपत आला होता. अळी न लागणारा कापूस नुकताच बाजारात आला होता आणि जो तो त्याचंच विचारत होता. रोगाला कुणी विचारत नव्हतं. रोगाचं, म्हणजे पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या करप्याचं, काम करत होती ती स्वराली. तीही पेठेतलीच, वय पंचवीस. तिच्या वर्गातली निम्मी मुलं शेती सोडून संगणकाकडे पळाली होती. तिची आई रोज विचारायची, "कापसावर पीएचडी करून पुढे काय, वाती वळणार?" स्वराली उत्तर द्यायची, "तेलाचं बघतेय." पण या एकाच हंगामाचे आकडे तिला हवे होते. ते हुकले तर आणखी एक वर्ष, आणि आईने संगणकाच्या क्लासचं माहितीपत्रक फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं.

तिचं काम नागोरावांनी यमुनाबाईंना एकदा भाकरी थापताना समजावून सांगितलं होतं.

"एक आजोबा निरोगी, त्याले करपा लागतच नाही. एक आजी रोगट, तिले लागतेच लागते. दोघांचा संकर मी लावला, माह्या नखानं. पोरं झाली ती सगळी निरोगी. आता त्या पोरांची पोरं, म्हंजे नातवंडं, दोनशे चाळीस झाडं शेतात उभी हायेत. मॅडमचं म्हणणं, त्यांच्यात चारातलं एक नातवंड आजीवर जाईन. रोग अडवणारा गुण एकाच जनुकात असला तरच हा हिशेब जुळते. जुळला का मॅडम डॉक्टर."

"म्हंजे आपला शुभ्या तुमच्या मायवर गेला," यमुनाबाई म्हणाल्या. "तिलेबी कोणाचं ऐकू येत नव्हतं."

नातवंडं कोणावर गेली हे कळायला त्यांना मुद्दाम आजारी पाडावं लागतं. स्वरालीने करप्याची पानं वाटून त्यांचं जिवाणूंनी भरलेलं पाणी दोनशे चाळीस झाडांवर फवारलं. शेजारी वीस झाडं आजीच्या जातीची, वीस आजोबांच्या. त्यांच्यावरही फवारलं. सोळा दिवसांनी ठिपके मोजायचे होते. मधे चार दिवस तिला परिषदेसाठी धारवाडला जावं लागलं. जाण्याआधी ती वही घेऊन सगळ्या झाडांमधून फिरली आणि झाडांना नंबरांच्या पट्ट्या लावून गेली. लांबून पाहणाऱ्या नागोरावांनी ताडलं की मोजणी झाली.

नेमकी त्या शनिवारी पाहणी समिती येणार होती. शुक्रवारी दुपारी श्रीनिवास सर नागोरावांना म्हणाले, "नागोराव, उद्या तीन तज्ज्ञ येताहेत. प्लॉट आरशासारखा दिसला पाहिजे. एक घाण पान दिसता कामा नये. तुमच्या कायमच्या कागदावर त्यांचा शेरा लागणार आहे. कळलं?"

न कळण्यासारखं त्यात काय होतं? वणीकडे सोयरीक ठरवायला पाहुणे आले की आधी शेत दाखवतात, मग मुलगा. नागोरावांच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या वडिलांनी आदल्या दिवशी धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, चार ओळींची सगळी रोगट पानं खुडून टाकली होती. पाहुणे धुऱ्यावरून पुढे जात नाहीत, हा तिथला अनुभव. यमुनाबाईंचे वडील धुऱ्यावर उभे राहिले, हिरवंगार शेत बघून मान डोलावून गेले आणि पोरगी दिली.

नागोरावांनी तर बापावर ताण केली. धुऱ्यावर न थांबता ते पार शेवटच्या ओळीपर्यंत गेले. शिरांच्या कोपऱ्यात अडकलेले काळे ठिपके जिथे दिसले तिथलं पान नखाने खुट्ट. दिवस कलला तरी खुडत होते. शेवटी शेवटी ठिपका कसला हेही बघत नव्हते, काळं दिसलं की खुट्ट. दोन पोती भरली. ती खताच्या खड्ड्यात पुरून त्यांनी हात धुतले आणि लग्नघर सारवून झाल्यासारखे प्रसन्न मनाने सायकलवर बसले.

शनिवारी समिती आली. तिन्ही तज्ज्ञांनी अळीच्या कापसाबद्दल सतरा प्रश्न विचारले. मग प्लॉटपाशी उभे राहून म्हणाले, "वा. इतका निरोगी प्लॉट आम्ही राज्यात पाहिला नाही." तो प्लॉट रोगाचा होता, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांनी फोटो काढले आणि नागोरावांच्या कागदावर शेरा मारला: 'कर्मचारी अत्यंत दक्ष. कायम करण्यास हरकत नसावी.' आता फक्त श्रीनिवास सरांची सही बाकी होती आणि सर म्हणाले, "सोमवारी बघू."

सोमवारी स्वराली आली. ती ओळीतून ओळीत फिरत गेली आणि तिची चाल मंदावत गेली. शेवटी ती आजीच्या वीस झाडांपाशी उभी राहिली. त्या जातीला करपा लागत नाही म्हणजे अमावास्येला चंद्र. ती झाडं न्हाऊन बसल्यासारखी स्वच्छ होती.

"नागोराव," ती शांतपणे म्हणाली, "इथे चमत्कार झालाय. देव कुठला तेवढं सांगा, मी प्रबंधात त्याचे आभार मानते."

नागोराव तोंड उघडणार, तोच श्रीनिवास सर पाठीमागे हात बांधून आले. "तुझे जिवाणूच मेलेले असणार," ते तिला म्हणाले. "फवारलंस ते नुसतं पाणी. बिघडत नाही, पुढच्या वर्षी नीट कर." आणि नागोरावांकडे वळून, "तुमचा कागद घेतोय आज समोर. तीन वाजता या."

ठिपक्यांचा रकाना कोराच असलेली वही मिटून स्वराली बांधावर बसली. नागोरावांना मोजणी झाली नव्हती हे त्या क्षणी कळलं. सांगावं तर सर सही करायचे नाहीत. न सांगावं तर या पोरीचं वर्ष गेलं, आणि तेही तिच्या माथी. तीन वाजता ते सरांकडे गेलेच नाहीत. पोट दुखतंय असं कारकुनाला सांगून घरी आले.

घरी शुभंकर होता, त्याची त्या आठवड्यात रात्रीची पाळी. सगळी हकीकत ऐकून तो खो खो हसला. "बाबा, आमच्याकडे गिऱ्हाईक यायच्या आधी सगळे हेच करतात. मी चुका शोधून यादी देतो, मॅनेजर यादीच लपवतो. डेमो एकदम क्लीन."

"मंग पुढं काय होते?"

"पुढे काय, गिऱ्हाईक अमेरिकेत गेल्यावर शिव्या देतं. तोवर मॅनेजरचं प्रमोशन झालेलं असतं. तुम्ही गप बसा आणि सही घ्या."

यमुनाबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुमच्या बापानं असंच केलं होतं."

नागोराव चमकले. "तुले कोणं सांगतलं?"

"सांगाले कायले लागते. लग्न होऊन आली अन् तिसऱ्या दिवशी निंदाले गेली. धुऱ्याकडच्या चार ओळी हिरव्या, पुढचं अख्खं वावर करपलेलं. मी काय आंधळी होती? पंचवीस वर्सं वाट पाहून रायली, कोणी तरी आपल्या तोंडानं सांगन म्हणून. सासऱ्यानं नाही सांगतलं, तुम्हीबी नाही. वावराचा राग नाही आला जी. मले येडी समजले त्याचा आला." त्यांनी एक खडा उचलून फेकला. "ते मॅडम तर शिकलेली हाय. तिले किती दिवस येडी समजसान?"

शुभंकर बससाठी निघून गेला, नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी.

मंगळवारी सकाळी नागोराव थेट स्वरालीपुढे जाऊन उभे राहिले. "मॅडम, तुमचे जिवाणू मेले नव्हते. करपा आला होता, जोरात आला होता. मी खुडला."

स्वरालीने हातातलं पेन खाली ठेवलं. "सगळा?"

"दोन पोती."

"कुठल्या कुठल्या झाडांचा, ते आता तुम्हाला स्वप्नात दिसणार असेल."

"स्वप्नात नाही जी," नागोराव म्हणाले आणि बोलता बोलता स्वतःच थांबले. त्यांचा हात खिशात गेला होता. शुक्रवारी पूर्ण भरलेली लाल दोऱ्याची रिळं होती दोन. आता एकच होतं. "मॅडम, मी हात लावला त्या झाडाले दोरा बांधला असन. मले आठवत नाही, पण बांधलाच असन."

दोघं धावत प्लॉटवर गेली. बुडापाशी, पानांच्या आड, लाल दोरे होते. आजीच्या वीसपैकी वीस झाडांना. आजोबांच्या वीसपैकी एकालाही नाही. दोनशे चाळीस नातवंडांमधले दोरे मोजताना स्वरालीने तीनदा आकडा चुकवला, चौथ्यांदा वही नागोरावांकडे दिली आणि मोठ्याने मोजलं. एकोणसाठ.

"साठ यायला हवे होते," नागोराव अपराध्यासारखे म्हणाले.

"बरोब्बर साठ आले असते तर मी पोलिसांना बोलावलं असतं," स्वराली म्हणाली. तिच्या आवाजात सोमवारपासून पहिल्यांदा जीव आला होता. मग तिने वही मिटली. "पण दोऱ्यावर पीएचडी देत नाहीत, नागोराव. नवी पानं फुटलीत, परत फवारावं लागेल. आणि परत का फवारायचं ते सरांना सांगावं लागेल. मी काहीतरी कारण काढते. तुमचा कागद..."

"मीच सांगतो," नागोराव म्हणाले.

श्रीनिवास सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग विचारी झाला. ओरडावं तर 'एक घाण पान दिसता कामा नये' हे वाक्य त्यांचंच होतं. समितीला कळवावं तर रोगाच्या प्लॉटला निरोगी म्हणून शाबासकी देणाऱ्या तीन तज्ज्ञांना काय कळवायचं? त्यांनी नागोरावांचा कागद उचलला, खणात टाकला आणि खण लावून घेतला. "सोळा दिवसांनी बघू. दोऱ्याची झाडं आजारी पडली तर बोलू. नाही पडली तर तुमचा खंड जरा लांबेल."

पुढचे सोळा दिवस नागोरावांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. रोज सकाळी जाता जाता मारुतीपुढे उभं राहून झाडांना रोग यावा म्हणून प्रार्थना केली. मारुतीच्या दरबारी असा अर्ज पहिलाच असावा. वरून ऊन कडक पडलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा, कारण करप्याला दमट लागतं. दुपारी ते आजीच्या झाडांवर पाणी मारत बसायचे. दहाव्या दिवशी एका पानाच्या मागे तेलकट डाग दिसला तेव्हा त्यांनी यमुनाबाईंसाठी कात्रज डेअरीचं श्रीखंड नेलं.

"काऊन जी, काय झालं?"

"करपा आला."

"देवा," म्हणून यमुनाबाईंनी डबा उघडला.

सोळाव्या दिवशी स्वराली पुढे, मागे वही धरून नागोराव आणि त्यामागे पाठीशी हात बांधून श्रीनिवास सर. दोरा नसलेल्या झाडांपैकी एकावरही करपा नव्हता. दोरा असलेली झाडं ओळीने काळी पडली होती, एकामागून एक, आणि प्रत्येक झाडापाशी नागोरावांची छाती इंचभर फुगत होती. अठ्ठावन्न झाली. एकोणसाठावं, दोनशे सदतीस नंबरचं, मात्र ठणठणीत निरोगी.

"याला दोरा का?" स्वराली म्हणाली. "याला करपा लागलेलाच नसणार. मग पान कशाला खुडलंत?"

नागोराव त्या झाडापुढे वाकले. तो शुक्रवार, कललेला दिवस, आणि या झाडाची वरची तीन पानं त्यांना लख्ख आठवली. त्यांच्यावर काळपट तांबडे डाग होते. कोपरे नसलेले, गोल, वरून खाली ओघळलेले.

"शिंतोडे होते जी," ते म्हणाले. "मले वाटलं, ठिपकेच."

"कशाचे शिंतोडे?"

नागोराव नुसते सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठल्याही वाईट हेतूने नव्हे. बारा वर्षं ज्या माणसाकडून उत्तरं येत आली होती त्याच्याकडेच त्यांची नजर आपोआप गेली. सरांचा गाल फुगलेला होता. ते बोलू शकत नव्हते आणि गिळूही शकत नव्हते. स्वरालीनेही वहीतून मान वर काढली आणि शेताच्या तोंडाशी लागलेल्या पाटीकडे अगदी सावकाश वळून पाहिलं.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू, सर?" तिने विचारलं. "घराण्यातील दोष?"

सर वळले आणि कार्यालयाकडे भराभरा चालत गेले. त्या दिवशी येतानाही त्यांचा गाल फुगलेलाच होता. असं पहिल्यांदाच घडलं.

तीन वाजता कारकुनाने खिडकीतून कागद दिला. सही ओली होती. नागोरावांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला, मग 'कायम' या शब्दावर नख ठेवून परत वाचला. स्वरालीने वहीत दोनशे सदतीसपुढे 'इतर कारण' असं लिहिलं आणि विषय संपवला. एकशे ब्याऐंशीस अठ्ठावन्न, तिनास एकाच्या पुरेसं जवळ. तिच्या आईने माहितीपत्रक फ्रिजवरून काढलं, तिथे दूधवाल्याचं कॅलेंडर लावलं.

घरी यमुनाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. शुभंकरने तो वाचून दाखवला. 'अत्यंत दक्ष' या शब्दांवर तो परत हसू लागला, पण आईने पाहिलं तसा गप्प झाला.

"सायबाले खरं सांगतलं ना?" यमुनाबाईंनी विचारलं.

"सगळं."

"मंग मलेबी सांगा."

नागोराव खाली बसले. कागद त्यांनी मांडीवर ठेवला. "माह्या बापानं धुऱ्याकडच्या चार ओळी खुडल्या होत्या," ते म्हणाले. "दोन ओळी त्यानं खुडल्या. दोन मी."

यमुनाबाईंनी ऐकून घेतलं. मग उठून चहा ठेवला, साखर जरा जास्त टाकली आणि म्हणाल्या, "दोन तुमच्या, ते मले माहीत होतं. सासऱ्याचा हात पानावरच थांबे, तुमच्या दोन ओळीत बोंडंबी खुडली गेली होती."